टाकाऊतून टिकाऊ : सायमन रोडियाचे मनोरे

'टाकाऊतून टिकाऊ' हा उपक्रम आपल्या शाळांना नवा नाही. बाटलीचं फूल, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या सीडीचं तोरण असं काय काय मुलं करतात. प्रदर्शन भरतं, फोटो निघतात आणि आठवड्याभरात सगळं पुन्हा कचऱ्याच्या डब्यात जातं. म्हणजे नावातला पहिला शब्द आपण पाळतो आणि दुसरा विसरतो. हा दुसरा शब्द ज्यानं अक्षरशः खरा करून दाखवला, त्या सायमन रोडिया नावाच्या मजुराचं चरित्र आज पाहू. मुलांना सांगण्यासारखं आहे आणि आपल्यालाही थोडं विचारात पाडणारं आहे.

रोडियाचा जन्म १८७९ साली इटलीत नेपल्स शहरापासून जवळच्या एका खेड्यात झाला. मूळ नाव साबातो. घरची परिस्थिती बेताची. त्या काळात दक्षिण इटलीतून हजारो माणसं पोटासाठी अमेरिकेला जात होती. साबातोही तरुण वयातच, मिसरूड फुटायच्या आधी म्हणा ना, तिकडे गेला. पेनसिल्वेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या भागात त्याचा मोठा भाऊ काम करत होता. तो खाणीतच अपघातात गेला. साबातो मग पश्चिमेकडे सरकत राहिला. शिक्षण असं झालंच नव्हतं. मिळेल ते काम करायचं : बांधकामावर मजुरी, सिमेंटचं काम, फरशी बसवणं. या कामांनी त्याच्या हाताला जे शिकवलं, तेच पुढे त्याच्या उपयोगी पडलं.

त्याचं लग्न झालं, मुलंही झाली. पण संसार टिकला नाही. तो दारू प्यायचा, आणि शेवटी बायकोमुलांपासून कायमचा दूर झाला. मुलांना गोष्ट सांगताना हा भाग गाळायचा मोह होतो. मोठ्या वर्गात तरी तो गाळू नये असं मला वाटतं. ज्याच्या हातून मोठं काम झालं तो माणूस सगळ्याच बाबतीत मोठा होता, असं समजायचं कारण नाही.

१९२१ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, रोडियानं लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स भागात एक स्वस्तातला तिकोनी प्लॉट घेतला. कष्टकऱ्यांची वस्ती, शेजारून रेल्वेचे रूळ. अशा जागी त्यानं एकट्यानं बांधायला सुरुवात केली आणि तो पुढची ३३ वर्षं बांधत राहिला. दिवसा कामावर जायचं आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, रात्री आपलं बांधकाम. नकाशा नाही, आराखडा नाही, मदतनीस नाही.

त्यानं हे केलं कसं, हे बघण्यासारखं आहे. लोखंडी सळया, जुने पाइप, जे मिळेल ते लोखंड त्यानं गोळा केलं. सळई वाकवायला यंत्र नव्हतं. मग तिचं टोक रेल्वेच्या रुळाखाली अडकवायचं आणि अंगाचा भार टाकून वाकवायची. दोन सळया जोडताना वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाहीत. सांध्यावर तार घट्ट गुंडाळायची, तिच्याभोवती जाळी आवळायची आणि वरून सिमेंट चढवायचं. परांचीसुद्धा बांधली नाही. जेवढं बांधून झालं, त्याच्याच आडव्या कड्यांवर पाय देत वर चढायचं. उंच इमारतींच्या खिडक्या पुसणारे वापरतात तसा पट्टा कमरेला आणि हातात सिमेंटची बादली. सगळ्यात उंच मनोरा सुमारे ३० मीटर झाला. आपल्या हिशेबानं जवळपास दहा मजले! मनोरे, भिंती, कमानी, कारंजं, एक जहाज अशा मिळून १७ रचना तिथे आहेत.

आता त्यावरची नक्षी. ओल्या सिमेंटमध्ये त्यानं लोकांनी टाकलेलं काय काय बसवलं : फुटक्या बशा, कपांचे कान, फरश्यांचे तुकडे, आरशाच्या काचा, सेव्हन-अपच्या हिरव्या बाटल्या, मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या निळ्या बाटल्या. समुद्रावरून आणलेले शिंपले तर हजारोंनी. काही ठिकाणी वस्तू न बसवता नुसता ठसा घेतला आहे. मक्याच्या कणसाचा ठसा आहे, त्याच्या स्वतःच्या हत्यारांचाही आहे. रूळांच्या कडेनं मैलोन्‌मैल चालत तो हे सामान गोळा करायचा. वस्तीतली मुलंही त्याला फुटकी भांडी आणि बाटल्या आणून द्यायची आणि त्याबद्दल त्यांना खाऊ किंवा सुटे पैसे मिळायचे. पुढे जॅझ संगीतात नाव कमावलेला चार्ल्स मिंगस याच वस्तीत वाढला आणि हे मनोरे उभे राहताना त्यानं लहानपणी पाहिले.

रोडियानं या जागेला स्पॅनिश नाव दिलं, 'नुएस्त्रो पुएब्लो', म्हणजे आपलं गाव. आसपास मेक्सिकन कुटुंबं बरीच होती. एकट्या माणसानं एकट्यानं बांधलेल्या जागेला 'माझं' न म्हणता 'आपलं' म्हणावं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण सगळे शेजारी काही कौतुक करत नव्हते. अनेकांना तो वेडा वाटायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी कंडी पिकली की हे मनोरे म्हणजे शत्रूला संदेश पाठवायची यंत्रणा आहे. टवाळ पोरं दगड मारून काचा फोडायची. म्हणजे तुकडे आणून देणारीही मुलंच आणि फोडणारीही मुलंच. कुठल्याही शाळेत हेच चित्र दिसेल!

१९५४ साली, पंचाहत्तरीला आलेल्या रोडियानं एक विलक्षण गोष्ट केली. तो सगळा प्लॉट त्यानं एका शेजाऱ्याला देऊन टाकला आणि आपल्या नातेवाइकांजवळ, उत्तरेकडच्या मार्टिनेझ गावी निघून गेला. मनोरे पाहायला तो परत कधीच आला नाही.

त्याच्यामागे जागेची दुर्दशा झाली. त्याचं राहतं घर जळालं. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यानं मनोरे धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. त्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. परवानगी नाही, इंजिनिअर नाही, वेल्डिंग नाही, आणि खाली माणसं राहतात. अशा वेळी विल्यम कार्टराइट आणि निकोलस किंग या दोन तरुणांनी ३,००० डॉलरला ती जागा विकत घेतली. एक समिती उभी राहिली. समितीतला बड गोल्डस्टोन हा विमानांचा अभियंता. त्यानं वाद घालत बसण्याऐवजी सरळ सांगितलं की मनोरा ओढून बघू. पडला तर पडला.

१० ऑक्टोबर १९५९ या दिवशी ही परीक्षा झाली. बघायला गर्दी जमली होती. सगळ्यात उंच मनोऱ्याला दोर बांधून तो आडवा ओढायला सुरुवात झाली. ताण वाढवत वाढवत १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार टनांपर्यंत नेला. मनोरा किंचित हलला, पण जागचा ढळला नाही. वाकला तो ओढणारा सरंजामच! पाडण्याचा हुकूम मागे घेतला गेला. तारेनं गुंडाळलेले ते सांधे थोडे लवचीक होते, म्हणून ताण एका जागी न साठता सगळीकडे वाटला गेला. रोडियाकडे हे सांगायला शास्त्रातले शब्द नसतील. हातानं मात्र त्यानं ते बरोबर केलं होतं.

१९६१ साली बर्कली इथल्या विद्यापीठात त्याच्या कामावर कार्यक्रम झाला, तेव्हा रोडिया स्वतः तिथे हजर होता. लोकांनी टाळ्या वाजवून त्याचा गौरव केला. जुलै १९६५ मध्ये तो गेला. त्यानंतर महिन्याभरातच वॉट्समध्ये वंशभेदाच्या आणि पोलिसांच्या वागणुकीच्या रागातून मोठी दंगल उसळली. दुकानं जळाली, माणसं मेली. मनोरे मात्र सुखरूप राहिले.

आणि इथून गोष्ट पुढे सरकते. मनोऱ्यांच्या शेजारी मुलांसाठी कलाकेंद्र सुरू झालं होतं. त्याचा पहिला संचालक नोआ प्युरिफॉय आणि त्याचा सहकारी जडसन पॉवेल यांनी दंगलीनंतर रस्त्यावरचं जळकं लाकूड, वितळलेल्या निऑन दिव्यांचे गोळे, धातू असं सुमारे तीन टन भंगार उचललं. इतर कलाकारांना सोबत घेऊन त्यातून शिल्पं केली आणि १९६६ साली प्रदर्शन भरवलं. घरातल्या फुटक्या बशीपासून सुरू झालेलं हे काम अख्ख्या वस्तीच्या दुःखापर्यंत पोहोचलं. मनोऱ्यांच्या आवारात पुढे ढोलवादनाचे आणि जॅझचे उत्सवही भरू लागले. १९९० साली मनोऱ्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. आजही सिमेंटला भेगा जातात, तुकडे निखळतात, आणि जाणकार माणसं ते पुन्हा जागेवर बसवतात. टिकाऊ वस्तूलासुद्धा कुणीतरी जपावं लागतंच.

मग वर्गात काय करायचं? तीन गोष्टी सुचवते.

पहिली, उपक्रमासाठी एक रुपयाचीही नवी वस्तू आणायची नाही. टाकाऊ सजवायला पालक दुकानातून चमकी आणि रंगीत कागद घेऊन येतात, तेव्हा कचरा कमी होत नाही, वाढतो. काच मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नये. बटणं, बिया, शिंपले, जुनी झाकणं चालतील.

दुसरी, वेळ द्यावा. एका तासात दहा वस्तू करण्यापेक्षा वर्गानं मिळून वर्षभर एकच वस्तू करावी. प्रत्येकानं घरून एक तुकडा आणावा आणि तो कुठून आला ते सांगावं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. गुण सौंदर्याइतकेच टिकण्यालाही द्या. तयार वस्तूला पिशवी अडकवा, तिच्यात पाण्याच्या बाटल्या एकेक करून टाकत जा आणि मुलांना बघू द्या, कुठला सांधा आधी सुटतो. वस्तू मोडली तर मुलं हिरमुसतील. त्यांना थोडा वेळ द्या आणि मग तोच सांधा पुन्हा बांधायला सांगा. पुढचा तास त्याचाच ठेवा.