१२० मुलांपासून लाखोंपर्यंत. कोण होते युंग विंग?

अमेरिकेत २०२३-२४ मध्ये भारताचे ३ लाख ३१ हजार ६०२, तर चीनचे २ लाख ७७ हजार ३९८ विद्यार्थी होते. चीनमधून अमेरिकेची ही वाट पाडली युंग विंग यांनी.

१८२८ मध्ये मकाऊजवळच्या खेड्यात, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. मिशनरी शाळेत शिकून १८४७ मध्ये ते आपल्या शिक्षकांसोबत अमेरिकेला गेले. १८५४ मध्ये येलची पदवी घेतली. अमेरिकी विद्यापीठाचे ते पहिले चिनी पदवीधर.

ही संधी इतरांनाही मिळावी, म्हणून त्यांनी अनेक वर्षे चिनी अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा केला. अखेर १८७२ ते १८७५ दरम्यान दरवर्षी ३०, अशी १२० मुले सरकारी खर्चाने अमेरिकेत पोहोचली. मात्र मुले परकी वळणाची होत असल्याच्या तक्रारी झाल्या. अमेरिकेनेही लष्करी अकादम्यांचे दार उघडले नाही. १८८१ मध्ये सर्वांना परत बोलावले गेले. बहुतेकांची पदवी राहिली.

पदवी पूर्ण केलेल्या झान तियानयू यांनी पुढे बीजिंग-झांगजियाकौ रेल्वेमार्ग उभारला. युंग यांचे अमेरिकी नागरिकत्व मात्र चिनीविरोधी कायद्यांच्या काळात हिरावले गेले. १९१२ मध्ये हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

परदेशी जाणाऱ्यांचा आकडा केवळ गुणवत्तेवर नव्हे, दोन्ही सरकारांच्या धोरणावरही ठरतो, हे तेव्हाच दिसले होते.