लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळील जलालपूर ह्या खेड्यात सन १८६८ मध्ये गोखल्यांच्या घरी एक कन्या जन्मास आली. तिचे माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्याने तिच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याने असे ग्रासले की, बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरात मुलीस शाळेत कोण धाडणार? अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळक ह्या तरुणाशी झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली.

टिळक बुद्धिमान व कवी खरे. पण एका गावी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. हाती आलेला पैसा ते पहिल्या गरजवंतास देऊन मोकळे होत. संसार कसा चालावयाचा, ही चिंता अर्थातच पत्नीच्या वाट्यास येई. मात्र पत्नीस अक्षरओळख त्यांनीच करून दिली, हे त्यांच्या पदरात घातलेच पाहिजे. लक्ष्मीबाईंचे शिक्षण लिहिण्यावाचण्यापलीकडे फारसे कधी गेले नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. त्या काळी पती धर्मांतर करता झाला, म्हणजे पत्नीस तो जिवंत असून नसल्यासारखाच. लहानग्या दत्तूस घेऊन त्या काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. आपल्या मंडळीत ह्या कथेचा शेवटच तेवढा आवडीने सांगतात. मला मात्र ही मधली वर्षेच मोलाची वाटतात. टिळक पत्रे पाठवीत व वाट पाहत. आणि इकडे, लेखणी हाती धरावयास नुकतीच शिकलेली ही स्त्री आपले दुःख पद्यात मांडू लागली. कवित्व तिने पतीकडून उसने आणले नव्हते.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच! स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी आपल्याच मनाशी सोडविला, आणि पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीपाठोपाठ गेली, असे म्हणून हा निर्णय हलका करणे बरोबर नव्हे. पाच वर्षे ज्या अडून बसल्या, त्या कोणाच्या मागे वाहत जाणाऱ्या नव्हत्या.

अहमदनगरास त्यांचे घर पाहुण्यांनी व पोरक्या मुलांनी भरलेले असे. बालकवी ठोमरेही तेथे काही काळ घरच्यासारखे राहिले.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. प्रभू येशूचे चरित्र ओवीत गाणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून जेमतेम दहा अध्याय झाले होते. ते हस्तलिखित आता पेटीत पडून राहणार, असेच कोणासही वाटले असते. कारण ते पुरे करण्याइतका विद्वान घरात कोण होता? पण ओवी हे काही केवळ पंडितांचे वृत्त नव्हे. आपल्या चाकण-खेडकडील बायाही पहाटे दळताना ओवीच गात; आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यांस ती तोंडपाठ असेल. लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली व साठांहून अधिक अध्याय रचून तो ग्रंथ सिद्धीस नेला. पतीने आरंभिलेल्या काव्याचा फार मोठा भाग अशा रीतीने पत्नीचा आहे.

टिळकांच्या आठवणी लिहून काढाव्या, असा मुलाचा आग्रह पडला. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. १९३४ पासून ती चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळकांच्या विसराळूपणावर लेखिका जितकी हसते, तितकीच स्वतःच्या भोळेपणावरही. पुस्तक घरी असल्यास, पालकांनी ते मुलांपुढे मोठ्याने वाचावे. हसू आवरणे कठीण जाईल.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. त्यांच्या कवितांचा संग्रह त्यांच्या पश्चात निघाला. त्याचे नाव ‘भरली घागर’.