खलाशांचे कैवारी सॅम्युएल प्लिम्सॉल

मुंबईच्या धक्क्यावर मालाची आगबोट उभी असली म्हणजे तिच्या बाहेरील बाजूवर, मध्यभागीं, एक वर्तुळ व त्यास छेदणारी आडवी रेघ रंगविलेली दिसते. शेजारींच आणखी कांहीं लहान रेघा असतात. गोड्या पाण्यांत बोट अधिक बुडते, व हिवाळ्यांत कांहीं समुद्र अधिक खवळतात. म्हणून पाणी, प्रदेश व ऋतु पाहून ह्या मर्यादा आंखिलेल्या असतात. त्या पाण्याखालीं जातील इतका माल भरण्याची मनाई आहे. ही खूण ज्यांच्या नांवानें ओळखली जाते, त्या सत्पुरुषाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

सॅम्युएल प्लिम्सॉल ह्यांचा जन्म ता. १० फेब्रुवारी १८२४ रोजीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें झाला. तरुणपणीं ते शेफील्ड शहरांतील एका मद्याच्या कारखान्यांत कारकून म्हणून लागले व मेहनतीच्या बळावर तेथील व्यवस्थापक झाले. सन १८५३ मध्यें त्यांनीं लंडनांत कोळशाचा व्यापार मांडिला, परंतु तो बुडाला. तेव्हां गरिबांच्या सामायिक बिऱ्हाडांत, आठवड्यास आठ शिलिंगांहूनही कमी खर्चांत, त्यांस दिवस काढावे लागले. कष्टकरी माणसें अडचणींत एकमेकांस कशीं सांभाळून घेतात, हें त्यांनीं तेथें पाहिलें. पुढें व्यापारांत यश आलें, तरी ते दिवस त्यांस विसरले नाहींत. सन १८६८ मध्यें डर्बी शहरातर्फें ते पार्लमेंटांत निवडून आले.

त्यांच्या कार्याचें महत्त्व समजण्यास जहाजांच्या विम्याची रीत जाणली पाहिजे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनांतील एडवर्ड लॉइड ह्यांच्या कॉफीगृहांत जहाजवाले व विमेवाले जमत असत. न पाहिलेल्या जहाजाचा भरंवसा कसा धरावा, ही विमेवाल्यांची मोठी अडचण होती. ती दूर करण्याकरितां सन १७६० मध्यें तेथील मंडळींनीं एक संस्था स्थापिली; तीच लॉइड्स रजिस्टर होय. तिचे तपासनीस जहाजाचा सांगाडा, नांगर व दोरखंड तपासून त्याची प्रत ठरवीत, आणि ती एका नोंदपुस्तकांत छापली जाई. उत्तम जहाजास 'ए १' अशी प्रत मिळे. ती पाहून विमेवाला आपला दर ठरवी.

व्यवस्था चांगली होती, परंतु तींत एक मोठी उणीव होती. प्रत ठरवून घेणें मालकाच्या इच्छेवर होतें, आणि माल किती भरावा ह्यास कायद्याची मर्यादा नव्हती. शिवाय एका जहाजाचा विमा अनेकजण वांटून घेत. जहाज बुडालें तरी प्रत्येकाचा तोटा लहान. म्हणून लबाडीचा संशय आला तरी कोर्टाची पायरी सहसा कोणी चढत नसे. सर्वच मालक दुष्ट होते असें नव्हे. पण कांहींजण जीर्ण जहाजाचा भारी रकमेचा विमा उतरवून त्यांत बेसुमार माल लादीत. पोहोंचलें तर नफा, बुडालें तर विम्याची रक्कम! करारावर सही केल्यावर असल्या जहाजावर चढण्यास जो खलाशी नकार देई, त्यास मात्र तुरुंगाची वाट धरावी लागे.

न्यूकॅसलकडील जेम्स हॉल हे स्वतः जहाजमालक असूनही ह्या अन्यायाविरुद्ध आधींपासून झटत होते. त्यांचें कार्य प्लिम्सॉल ह्यांनीं उचलिलें. सन १८७३ मध्यें खलाशांच्या दैन्यावर त्यांनीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें व सारें राष्ट्र हळहळलें. त्यांतील आरोपांमुळें त्यांच्यावर अब्रूनुकसानीच्या फिर्यादीही झाल्या, तरी ते मागें हटले नाहींत. ता. २२ जुलै १८७५ रोजीं मुख्य प्रधान डिझरायली ह्यांनीं जहाजांविषयींचें बिल सोडून देण्याचें जाहीर करितांच त्यांचा संयम सुटला, आणि भर सभेंत ते संतापून वाटेल तसें बोलले. आठवड्यानें त्यांनीं त्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली. मागणी मात्र सोडली नाहीं. लोकमताचा रेटा इतका झाला कीं, सन १८७६ मध्यें जहाजावर भाररेषा काढणें सक्तीचें करणारा कायदा झाला.

तथापि रेषा कोठें काढावी, हें अद्याप मालकाच्याच हातीं होतें! ही पळवाट सन १८९० च्या कायद्यानें बंद झाली. रेषेची जागा ठरविण्याच्या कामीं लॉइड्स रजिस्टरच्या तज्ज्ञांनीं केलेलीं कोष्टकें उपयोगी पडलीं. अशा रीतीनें विमेवाल्यांच्या सोयीकरितां वाढलेली विद्या खलाशांच्या रक्षणास लागली. प्लिम्सॉल ह्यांस हा दिवस पाहावयास मिळाला. ता. ३ जून १८९८ रोजीं फोकस्टन येथें ते निवर्तले. सन १९३० मध्यें अनेक राष्ट्रांनीं मिळून भाररेषेचा करार केला. आपल्या देशांतही जहाजांची प्रत ठरविणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था सन १९७५ पासून आहे, व तिची मुख्य कचेरी मुंबईस आहे.

प्लिम्सॉल हे खलाशी नव्हते. त्यांच्या घरचें कोणी बुडालें म्हणून ते झटले असेंही नव्हे. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणें प्रीति करावी हा धडा ते गरिबींत शिकले व संपन्न झाल्यावर आचरीत राहिले. आमच्या विद्यार्थ्यांनीं बंदरावर गेल्यास ती रेघ अवश्य पाहावी, आणि आपल्या लाभाचें ओझें दुसऱ्याच्या जिवावर तर पडत नाहीं ना, हें स्वतःस विचारावें, एवढीच आमची विनंति आहे.