सुरबानाना टिपणीस : तळ्यापासून शेतापर्यंत

20 मार्च 1927 या दिवसाचे स्मरण करताना, सवर्ण समाजाचा रोष पत्करून बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिलेल्या सहकाऱ्यांना विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. महाडचे सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस ऊर्फ सुरबानाना हे त्यांपैकी अग्रगण्य होत.

चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजात जन्मलेल्या नानांना गावात मान होता. त्यांनी नगराध्यक्षपदही भूषविले. चवदार तळ्याचे पाणी त्यांना कोणी नाकारले नव्हते. तरीही ज्यांना ते नाकारले गेले, त्यांची बाजू त्यांनी आपली मानली.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली त्यास अनुसरून ठराव केला. परंतु तळ्यावर जाण्याची सोय मात्र झाली नाही. 1927 च्या परिषदेसाठी रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे यांच्यासह नाना झटले. त्या परिषदेस पिण्याचे पाणीदेखील चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. सत्याग्रहींनी पाणी प्राशन केले, त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेस, 4 ऑगस्ट 1927 रोजी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. नानांनी मात्र चळवळीची साथ सोडली नाही.

पाण्याइतकाच जमिनीचा प्रश्न बिकट होता. सावित्रीच्या खोऱ्यात, महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर भात व नाचणी पिकविणारे कूळ पिकाचा मोठा वाटा खोताच्या पदरी घालीत असे. वर वेठ होतीच. कुळांमध्ये महार होते, तसेच कुणबी, मराठा, आगरीही होते. 1937 च्या निवडणुकीत नाना बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून निवडून आले. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने संपली ती 1949 साली. ज्या पक्षाने हा लढा लढविला, त्याचे आमदार म्हणून नाना कष्टकऱ्यांच्या बाजूने उभे होते.

आमच्या वसतिगृहातील कित्येक विद्यार्थ्यांचे पणजोबा अशाच खोती गावांत राबले. त्यांची पणतवंडे आज एकाच नळाचे पाणी पितात, एकाच पंक्तीस बसतात. ही समता ज्यांनी लढून मिळविली ते आमचे पूर्वज वंदनीय आहेतच. आणि जन्माने लाभलेला मोठेपणा दुसऱ्याच्या हक्कासाठी पणास लावणारे नानाही तितकेच स्मरणीय आहेत. शिकून अधिकारपदी बसलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या खुर्चीचा उपयोग कोणासाठी करावा, याचा धडा याच मातीत आहे. सुरबानानांच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.