धारप, कानांनी वाचलेले

मी कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलायचं, पुस्तकातलं नाही. जोडाक्षर आलं की माझी गाडी थांबते, हे माझ्या धुळ्याच्या रूममेटला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिनेच एकदा जळगाव-धुळे एसटीत, एरंडोल मागे पडल्यावर, इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. पारोळा आलं तरी मी ते काढलं नाही. नारायण धारपांशी माझी ओळख झाली ती अशी.

धारपांचा जन्म 27 ऑगस्ट 1925 चा. शिक्षण बी.एस्सी. टेक. म्हणजे मित्रांनो, आपल्याच जातकुळीतला माणूस! त्यांनी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली, ‘नेनचिम’सारखी विज्ञान कादंबरीसुद्धा. पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते ‘समर्थां’ना. (हे रामदास स्वामी नव्हेत. माझा हा गोंधळ पहिली दहा मिनिटं चालला.) समर्थ संकटातल्या माणसाला सोडवतात आणि त्यांचे सोबती अप्पा ते सगळं आपल्याला सांगतात. शेजारी बसून सांगावं तसं. म्हणून ते ऐकायला इतकं सोपं जातं.

यावरून आमच्या मजल्यावर दोन पार्ट्या आहेत. एकीला मागे दार करकरायला हवं, कुत्रं रडायला हवं. माझं म्हणणं, नुसता आवाज पुरे. म्युझिक सुरू झालं की आता भूत येणार हे आधीच कळतं. दीडपट स्पीडने ऐकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, भीतीला सावकाश यावं लागतं. एका सरांनी तरुणपणी लायब्ररीतून आणून सगळे धारप वाचलेत. त्यांनी एक ऑडिओबुक लावलं आणि बंद केलं. त्यांच्या डोक्यातल्या समर्थांचा आवाज तसा नव्हता म्हणे.

खरी अडचण वेगळीच झाली. इंग्रजी शाळेमुळे मी स्टीफन किंग आधी वाचला होता. ‘लुचाई’ ऐकताना चौथ्या-पाचव्या भागात मी उठूनच बसले. हे तर ‘सेलम्स लॉट’, 1975 चं! ‘शपथ’ म्हणजे 1986 चं ‘इट’. ‘आजी’ ही कथासुद्धा किंगचीच. मला राग आला. आपण जर्नल कॉपी केलं तर सबमिशनला काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

रूममेट काही बोलली नाही. दिवाळीत तिने गावाकडे आजीला ‘लुचाई’ ऐकवली. आजी बोलते अहिराणी, किंग तिने स्वप्नातही ऐकला नसेल. दोन संध्याकाळी ऐकून तिने विचारलं, की हे गाव आपल्याकडचं कोणतं, आणि तिथल्या लोकांनी पुढे काय केलं. उसनं ते उसनंच, हे मी अजूनही म्हणते. पण अमेरिकेतलं भूत त्या ओसरीवर आणून बसवणं हे ट्रान्सलेशन नव्हे. मी तरी सात जन्मात करू शकणार नाही. आणि ‘इट’ आलं तेव्हा धारप साठी ओलांडलेले होते. त्या वयात एवढी जाड कादंबरी मराठीत नव्याने उभी करायची म्हणजे गंमत नाही.

18 ऑगस्ट 2008 ला ते गेले, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला नऊ दिवस कमी असताना. मग 2018 मध्ये ‘तुंबाड’ आला, त्यातली ती भयंकर म्हातारी धारपांच्या ‘आजी’वरून सुचलेली. त्याच वर्षी टीव्हीवर ‘ग्रहण’ मालिकाही झाली. हे बघायला ते हवे होते, असं उगाच वाटतं.

असो. सध्या ‘शपथ’ छापील आणलंय. मोठ्याने मी वाचते, जोडाक्षरं रूममेट दुरुस्त करते. पान 62 वर आहोत. रात्री दहानंतर वाचायचं नाही, असं ठरलंय.