बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणुकीआधीच जोडीदार निवडला होता, पण दोन मतांच्या गणितात ते हरले

जानेवारी २०२६ मध्ये वसई-विरार महापालिकेची निवडणूक झाली. एका प्रभागात अनेक जागा, म्हणून एका मतदाराला अनेक मतं. अशा वेळी नाक्यावर एकच चर्चा असते, पॅनलमध्ये कोणाबरोबर कोण? कारण जोडीदार चांगला मिळाला तर त्याची मतं आपल्याला येतात. चुकीचा मिळाला तर आपली मतं त्याला जातात आणि त्याची मात्र आपल्याकडे येत नाहीत.

अमेरिकेतही राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उपाध्यक्षपदासाठी जोडीदार निवडावा लागतो. सहसा तो पक्षाची उमेदवारी हातात आल्यावर जाहीर होतो. २०१६ मध्ये टेड क्रूझ यांनी घाई केली. उमेदवारी मिळण्याआधीच त्यांनी कार्ली फिओरिना यांचं नाव जाहीर केलं आणि आठवडाभरात ते शर्यतीतून बाहेर पडले.

आपल्याकडे जोडीदार निवडण्याचा हाच पेच एका फार मोठ्या माणसासमोर उभा राहिला होता. तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू इथला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून कोलंबिया विद्यापीठ, तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. परत आल्यावर १९२७ साली महाडचा सत्याग्रह. हे सगळ्यांना माहीत असतं. पण निवडणुकीत मतं कशी मोजली जातात, या विषयाचा त्यांनी किती खोलवर विचार केला होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

त्याची सुरुवात १९३२ च्या पुणे कराराने झाली. दलितांनी आपले प्रतिनिधी स्वतःच निवडावेत, यासाठी बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते. गांधीजींच्या उपोषणानंतर ती मागणी सोडावी लागली. बदल्यात राखीव जागा वाढल्या, पण अंतिम मतदान सगळ्यांचं एकत्र. म्हणजे राखीव जागेवर कोण बसणार हे दलितेतर मतदारही ठरवणार. पुढचा सगळा पेच इथूनच तयार झाला.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत पक्षाचे १७ उमेदवार उभे होते, त्यातले बहुतेक निवडून आले. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळ भागातून जिंकले. त्यांच्यासमोर प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू उभे होते. तेव्हा मुंबई प्रांतात एक सोय होती, जितक्या जागा तितकी मतं आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता यायची. अल्पसंख्य समाजाने मतं एकवटली तर त्याचा माणूस निवडून यायचा. जोडीदाराची गरजच नव्हती.

१९५२ मध्ये चित्र बदललं. लोकसभेच्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ मतदारसंघ दुहेरी होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. दोन्ही मतं एकालाच देता येत नसत.

आता राखीव जागेच्या उमेदवाराला जोडीदार लागणारच. आपल्या मतदारांचं दुसरं मत कुठे जाणार आणि दुसऱ्यांचं दुसरं मत आपल्याला कोण मिळवून देणार?

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने जाहीरनाम्यातच कोणाबरोबर जायचं नाही हे सांगून टाकलं. हिंदू महासभा, संघ आणि कम्युनिस्ट. मुंबईत हात मिळवला तो समाजवादी पक्षाशी. उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात बाबासाहेब राखीव जागेवर, तर समाजवादी नेते अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर.

समोर काँग्रेसची जोडी होती, विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर. तिसरीकडे कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे.

निकाल लागला. काजरोळकरांना सुमारे १ लाख ३८ हजार मतं, बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६. फरक साडेचौदा हजारांच्या आसपास. मेहताही हरले, पण त्यांना सुमारे १ लाख ३९ हजार ७०० मतं होती. म्हणजे बाबासाहेबांना स्वतःच्या जोडीदारापेक्षा १६ हजार मतं कमी पडली. मेहतांना पडलेल्या प्रत्येक मताबरोबर दुसरं मत बाबासाहेबांना मिळालं असतं, तर संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष पहिल्या लोकसभेत बसले असते.

अशी गळती काँग्रेसच्या जोडीतही होती. गांधींपेक्षा काजरोळकरांना सुमारे ११ हजार मतं कमी होती. दोन्हीकडे कमी मतं राखीव जागेच्या उमेदवारालाच. हजारो मतं बाद झाली. बाबासाहेब आणि मेहता न्यायाधिकरणात गेले, तिथे अर्ज फेटाळला गेला.

जोडी जमली तर काय होतं, हे त्याच निवडणुकीत सोलापुरात दिसलं. तिथे फेडरेशनचे पां. ना. राजभोज आणि शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे दोघेही निवडून आले.

बाबासाहेब राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. पुन्हा दुहेरी मतदारसंघ, पुन्हा जोडीदार अशोक मेहता. तिथल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत एक गोष्ट आजही सांगितली जाते. दुसऱ्या बाजूची मतं आपल्याला मिळतील याची खात्री नाही, तर आपणही दुसरं मत वाया घालवू, असा विचार पुढे आला. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. ज्या संविधानाने मत दिलं ते फुकट घालवायचं नाही, ही त्यांची भूमिका.

निकालात मेहता जिंकले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. जोडीदार लोकसभेत गेला, ते नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत गणित उलटलं. मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून फेडरेशनचे जी. के. माने लोकसभेत गेले. त्यांच्याबरोबर निवडून आले ते १९५२ मध्ये बाबासाहेबांच्या विरोधी गोटात असलेले डांगे.

आणि वसई-विरार? हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. ठाणे मतदारसंघही दुहेरी. १९५२ मध्ये काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक, म्हणजे वसईचे अण्णासाहेब, आणि अनंत नांदकर ही जोडी जिंकली. १९५७ मध्ये कम्युनिस्टांचे शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा. यातले परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातून पहिल्यांदा आमदार झाले होते.

१९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ संपले. लोकसभेला आता एक मतदार, एक मत. पण महापालिकेच्या प्रभागात पॅनल पद्धत आहे, तोवर तो जुना प्रश्न आहेच. जोडीदाराचं नाव उमेदवार ठरवतो, पण दुसरं मत कुठे जाणार हे मतदारच ठरवतो.