न्यायासन आणि शील

हायकोर्टाच्या न्यायासनावर मनुष्य कायम करताना त्याचे कायद्याचे ज्ञान पाहावे, याविषयी वाद नाही. परंतु शील पाहावयाचे म्हणजे नेमके काय, याबाबत सरकारचा आणि लोकांचाही पुष्कळदा घोटाळा होतो, असे आमचे मत आहे. कै. महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

१८४२ साली निफाड येथे जन्मलेले माधवराव १८७१ त पुण्यास सबजज्ज म्हणून आले. सार्वजनिक सभेच्या कामात ते मन घालीत, आणि तेवढ्यानेच ते सरकारच्या डोळ्यांत सलू लागले. १८७८ त त्यांची नाशकास बदली झाली. पुढील साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उद्भवले, पुण्याचा बुधवारवाडा जळाला, आणि माधवरावांस धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांचे टपाल फोडून वाचले जाई. बंडवाल्यांच्या नावाची बनावट पत्रेही येत. ती ते अंमलदारांच्या स्वाधीन करीत व आपल्या कामास लागत.

पुढे दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली पुणे, सातारा, नगर व सोलापूर या ४ जिल्ह्यांत फिरून कुळे व सावकार यांच्या दाव्यांची तपासणी त्यांजकडे आली. आमचे बरेचसे वाचक व्यापारी आहेत. खतामागचा खरा व्यवहार उकरून पाहणारा जज्ज आपल्या पणजोबांस कितपत रुचला असता, हे त्यांनीच मनाशी ठरवावे.

हायकोर्टाचा मार्गही सोपा नव्हता. पहिले हिंदी न्यायमूर्ति नानाभाई हरिदास १८७३ पासून वेळोवेळी हंगामी बसले, ते कायम झाले १८८४ त. त्यांच्यामागून आलेले तेलंग १८९३ च्या सप्टेंबरात अकाली वारले, आणि त्याच वर्षी ती जागा माधवरावांस मिळाली.

येथे एक गोष्ट आम्हांस, सुधारणेचा पक्ष घेणारे म्हणून, लपविता येत नाही. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने १८७३ त वडिलांच्या आग्रहास मान देऊन ११ वर्षांच्या कुमारिकेशी दुसरा विवाह केला. पंचहौद मिशनातील चहाबद्दल १८९२ त प्रायश्चित्तही घेतले. सनातन्यांच्या हिशेबी तो चहा दोष, सुधारकांच्या हिशेबी ते लग्न आणि प्रायश्चित्त दोष, सरकारच्या हिशेबी सार्वजनिक सभा दोष. या तीन याद्यांत पक्षकारास न्याय मिळतो की नाही, याचे कलम एकही नाही! घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ते वाकले, हे आम्ही कमीपणाचेच मानतो. पण सरकारच्या संशयास भिऊन त्यांनी लोककार्य सोडले नाही, की त्या संशयाचा राग आपल्या कामात येऊ दिला नाही. न्यायाधीश निवडणाराने तोलावयाचे ते हे.

हायकोर्टात गेल्यावरही सामाजिक परिषद त्यांनी सोडली नाही. १९०० च्या डिसेंबरात लाहोरास जाण्याइतकी प्रकृति राहिली नव्हती, म्हणून भाषण लिहून दिले. ते गोखल्यांनी वाचले. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. न्यायासनावर त्यांस जेमतेम ७ वर्षे मिळाली होती.